व्याह्यांच्या याद्या

पृथ्वीच्या पाठीवर असा एकही मनुष्यप्राणी नसेल, ज्याच्यासाठी आमच्या व्याह्यांनी पुस्तकांची यादी केली नव्हती. आणि असाही एकही नसेल, ज्यानं ती शेवटपर्यंत वाचली होती. यादी कसली, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर काय वाचावं याची. म्हणजे यंत्राला विचार करता येतो का, येत असला तर कसा, आणि येत नसला तर आपल्याला तरी येतो का, या विषयाची. हे सगळं चाललं होतं नव्वदच्या दशकात आणि पोलादपुरात, जिथं टेलिफोन पहिल्या फटक्यात लागला तर माणसं दचकून खाली ठेवायची.

आमच्याकडे लग्न ठरलं की याद्या होतात. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसतात, कोणी काय करायचं आणि मानपान कोणाचा हे कागदावर लिहितात आणि खाली सह्या करतात. माझ्या मुलीच्या याद्यांना नवऱ्यामुलाचे वडील, म्हणजे हे व्याही, सगळं होईपर्यंत गप्प बसून होते. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि म्हणाले, "आमच्याकडून एवढंच." माझ्या यजमानांना वाटलं, आला हुंडा. मुलीच्या मामांनी हातातला चहा खाली ठेवला. कागद उघडला, तर वर ठळक अक्षरांत 'वधूपक्षासाठी' आणि खाली सात पुस्तकांची नावं. शेवटी तळटीप: 'पहिले अवघड वाटल्यास दुसऱ्यापासून आरंभ करावा.' मग मामांनी पेन काढून त्याखालीही सही केली, कारण याद्यांवर सही करायचीच असते. पुढे कित्येक वर्षं लग्नकार्यात दोघं भेटले की व्याही आपुलकीनं विचारायचे, "कुठवर आलात?" आणि मामा जिलबी तोंडात असतानाच म्हणायचे, "चाललंय."

मुलीची आई आणि मुलाचे वडील या नात्यात मुलीच्या आईला 'नाही' म्हणायची सोय नसते. त्यात मी महाडच्या बाजारपेठेतल्या एका वाचनालयात साहाय्यक ग्रंथपाल. साहाय्यक म्हणजे ग्रंथपालांच्या खुर्चीत बसणं सोडून बाकीची सगळी कामं. पण माझा तोरा काय वर्णावा. गळ्यात चष्म्याची दोरी, केसांत पेन्सिल आणि 'वाङ्मय' हा शब्द मी त्यातल्या ङ सकट उच्चारायची. कोणी शिकारकथा मागितल्या तर त्याच्याकडे अशी बघायची की बिचारा चरित्र घेऊन घरी जायचा. आज त्या बाईच्या हाताखाली मला काम करावं लागलं असतं तर मी पहिल्याच दिवशी राजीनामा दिला असता. तर अशी ही मी आणि असे ते व्याही, यांची गाठ पडली. त्यांनी मला विचारलं, "विहीणबाई, तुमच्याकडे यंत्रबुद्धीवर काय काय आहे?" मी क्षणाचाही विलंब न लावता त्यांना शेतीच्या अवजारांच्या कपाटाकडे नेलं. त्यांनी नांगराचं पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि अतिशय आदरानं म्हणाले, "सुरुवात म्हणून वाईट नाही."

व्याही उभं आयुष्य मुंबईत एका कंपनीच्या संगणक विभागात होते. भोकं पाडलेल्या कार्डांपासून ते टेबलावर मावणाऱ्या पेटीपर्यंतचा सगळा प्रवास त्यांनी बघितला होता. निवृत्त झाले ते वयाच्या जरा आधीच, डोळ्यांमुळे. काचबिंदू. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की आधी कडेचं दिसणं जाईल, मग हळूहळू मधलंही. ते पोलादपूरला घरी परत आले ते बरोबर पुस्तकांची एक लोखंडी ट्रंक घेऊन. आणि त्यांनी मला जे सांगितलं त्यात काहीही आडपडदा नव्हता. "माझं वाचन संपत आलंय. ते पूर्ण संपायच्या आत कोणीतरी एकानं, महाडात, पोलादपुरात, कुठंही, यातलं नीट वाचून तयार व्हायला हवं. म्हणजे मला मग बोलता येईल. नुसतं आठवत बसणं म्हणजे विचार नव्हे हो. समोरून कोणीतरी 'छे' म्हणायला लागतं."

एवढीच त्यांची मागणी. एक माणूस, जो शेवटपर्यंत वाचेल आणि 'छे' म्हणेल.

त्यांचा सिद्धान्त असा की माणूस वाचत नाही यात माणसाचा दोष नसतो, यादीचा असतो. त्यामुळे यादी फसली की ते कधी कोणावर रागवायचे नाहीत. घरी जायचे आणि मनुष्यजातीत एक नवीन जात पाडायचे. 'प्राथमिक शिक्षकांसाठी' ही यादी पडली, कारण शिक्षकांनी विचारलं की हे वाचल्यावर प्रमाणपत्र मिळणार का. तर पुढच्या आठवड्यात 'प्रमाणपत्राची अपेक्षा असणाऱ्या शिक्षकांसाठी' अशी यादी तयार. वकिलांसाठी वेगळी, अशिलांसाठी वेगळी. जेवल्यावर वाचणाऱ्यांसाठी, जेवताना वाचणाऱ्यांसाठी. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या विहीणबाई, ज्यांना मी ताई म्हणते, त्या चुलीपाशी बसून मला म्हणाल्या होत्या, "माझ्यासाठी पण केलीय हो. वर लिहिलंय, 'ज्यांना टाळणे शक्य नाही अशांसाठी.'"

पोलादपूर एसटी स्टँडासाठी त्यांनी केलेली यादी तर मी अजून जपून ठेवली आहे. तिथं महाबळेश्वरचा घाट चढणाऱ्या गाड्याही थांबतात आणि गोव्याच्या रस्त्यानं जाणाऱ्याही. व्याह्यांनी महिनाभर स्टँडावर बसून कोणती गाडी किती उशिरा येते याचा अभ्यास केला आणि त्या उशिराच्या मापानं वाचन ठरवलं. महाडच्या गाडीची वाट बघणाऱ्याला दोन पानांचं टिपण, महाबळेश्वरवाल्याला एक अख्खं प्रकरण, आणि मुक्कामी गाडी गाठायला आलेल्याला दोन्ही खंड. योजनेत खोट काढायला जागा नव्हती. पहिल्याच दिवशी एका सद्गृहस्थानं प्रकरण हातात घेतलं, खरोखर वाचायला लागला, भुवया वर गेल्या, ओठ हलायला लागले, व्याही खांबाआडून श्वास रोखून बघताहेत, आणि कधी नव्हे ती महाबळेश्वर गाडी वेळेवर आली. गृहस्थ पुस्तकासकट घाट चढून गेला. पुस्तक दोन महिन्यांनी डेपोतून परत आलं, त्यात खूण म्हणून तिकीट घातलेलं होतं. बरोबर त्याच पानावर, जिथं गाडी आली होती.

मग ते सवला गेले. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात सांधे धरलेली माणसं पाय सोडून बसतात. व्याह्यांचा विचार असा की इथला श्रोता पळू शकत नाही. त्यांनी काठावर बसून 'संधिवातग्रस्तांसाठी' यादी वाचायला घेतली. एका म्हाताऱ्यानं डोळे न उघडता सांगितलं, "गुडघं दुखतंय तेवढं पुरं हाय रे बाबा. आता डोकं कशाला?" व्याही माझ्याकडे आले तेव्हा कागद वाफेनं लिबलिबीत झाला होता आणि ते म्हणत होते, "त्याचा प्रश्न मूलभूत आहे, विहीणबाई."

माझ्या महिला मंडळाला मात्र त्यांनी जिंकलंच होतं. त्यांनी यादीच्या आधी एक उदाहरण दिलं. म्हणाले, यंत्राला शिकवणं म्हणजे ज्यानं कधी तांदळाची भाकरी बघितलीच नाही त्याला ती नुसत्या शब्दांनी करायला शिकवणं. आणि त्यांनी फळ्यावर कृती लिहिली. दुसऱ्या ओळीलाच एकजण म्हणाली, "पाणी किती ते कुठं लिहिलंय?" व्याही म्हणाले, "अंदाजानं." "मग तुमच्या यंत्राला अंदाज येतो का?" व्याह्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सापडली. तास संपला तरी बायका उठेनात. उकळी आल्यावर पीठ टाकायचं की आधी, वाफ किती द्यायची, जुना तांदूळ असला तर काय, नुसता कल्लोळ. व्याही रात्री झोपले नाहीत, त्यांनी त्या अंदाजासाठी तीन नवी पुस्तकं यादीत घातली. पुढच्या बुधवारी मंडळात गेलो तर प्रत्येकीनं आपापला तवा आणला होता. मंडळाची समजूत झाली होती की हा पाकवर्ग आहे आणि आज प्रात्यक्षिक. व्याह्यांनी चुपचाप भाकरी खाल्ली, ती उत्तम झाली होती, आणि परत जाताना गाडीच्या पायरीवर उभं राहून मला म्हणाले, "यंत्र एक दिवस विचार करायला लागेल, याबद्दल मला शंका नाही. तोवर इथं कोणी लागेल का, तेवढं सांगा."

त्याच सुमाराला कधीतरी यंत्रानं बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवलं. ती बातमी घेऊन व्याही सकाळच्या पहिल्या गाडीनं महाडला आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि चेहरा सुतक असल्यासारखा. मी विचारलं, "आनंदाची बातमी आहे की दुःखाची?" ते म्हणाले, "तेच ठरवायला आलोय. माझ्या घरी ठरवायला कोणी नाही." आणि मी, विदुषी, पेढा तोंडात टाकून काय म्हणाले असेन? "कोणत्या देशाचं यंत्र?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांना आता समोरचं माणूस भोकातून बघितल्यासारखं गोल दिसत असे. माझा तोरा तेवढ्या गोलात मावला असेल का, कोण जाणे.

माझ्या अज्ञानाला काही सीमा नव्हती. महाडात तेव्हा पहिला संगणक वर्ग निघाला होता. बाहेर चपला काढायच्या, आत वातानुकूलन, खिडक्यांना जाड पडदे, देव्हाऱ्याची कळा. व्याह्यांनी मला तिथं नेलं आणि "काहीही टाइप करा," म्हणाले. मी पदर खांद्यावरून घेतला आणि पेटीला नमस्कार केला. वर्ग चालवणाऱ्या मुलानं तोंड फिरवलं. व्याही मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढून एक नवीन मथळा लिहिला आणि घडी करून ठेवला. मी कधी विचारलं नाही. ती यादी माझ्यासाठी होती हे समजण्याइतकी अक्कल तेव्हाही होती.

ट्रंकेतली पुस्तकं त्यांनी आमच्या वाचनालयाला देऊन टाकली. आणि इथं महाडच्या वाचनालयाची एक रीत सांगायला हवी. आमच्या गावात सावित्री दर पावसाळ्यात बाजारात यायचं म्हणते आणि मनात आलं तर येते. त्यामुळे दुकानदार मे महिन्यात माल वर चढवतात, तसे आम्ही पुस्तकं चढवायचो. पण सगळीच वर मावत नाहीत. म्हणून जुना नियम असा, की वर्षभरात वाचकांनी नेलेली पुस्तकं वरच्या कप्प्यांत, आणि ज्याला कोणी हात लावला नाही ते सगळ्यात खाली. त्या खालच्या कप्प्याला आम्ही नदीचा कप्पा म्हणायचो. गेली तर तीच जावीत, असं त्यात न बोलता कबूल केलेलं असे. व्याह्यांना हा नियम कळला तेव्हा ते म्हणाले, "नियम योग्य आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या याद्यांना घाई आली.

त्या घाईतच आम्ही उमरठच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीवर गेलो. गुरंढोरं आणि नाचणी वरी करणारी माणसं. तिथं टीव्ही पोचला नव्हता, म्हणून तिथं अजून लक्ष शिल्लक असेल, असा व्याह्यांचा हिशोब. त्यांनी एका विलायती प्राध्यापकाचं पुस्तक स्वतः मराठीत उतरवलं होतं, जाड शाईनं, मोठ्या अक्षरांत, म्हणजे स्वतःलाही दिसावं. यादीत तेवढं एकच पुस्तक. संध्याकाळी देवळापुढे बसून कोणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी योजना. पाऊलवाटेवर मी पुढे, माझ्या पदराचं टोक धरून व्याही मागे. वाडीच्या माणसांनी ताक दिलं, सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग वाडीचा गुरव म्हणाला, "वाचायला आमची ना नाय, काका. पन वाडीचं काम हाय. देवाला इचारल्याबिगर कसं करनार?"

म्हणजे कौल लावायचा. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. गुरवानं हात जोडले. "देवा म्हाराजा, हे काका पुस्तक घेऊन आल्यात, यंत्राच्या डोक्याचं. तुझ्या लेकरांनी वाचावं म्हंतोस तर उजवा दे."

डावी पडली.

मला वाटलं, आटोपलं, आता उतरायचं. पण व्याही पुढे सरकले. "पूर्ण पुस्तकाला नाही म्हणाला तो. पहिल्या अर्ध्याला विचारा." गुरवानं परत पाकळ्या लावल्या. डावी. "मग त्याच्या अर्ध्याला." संगणकवाल्यांची ही जुनी रीत आहे म्हणे, हवं ते सापडेपर्यंत ढीग अर्धा अर्धा करत जायचं. पण देवाशी ती कोणी केल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. वाडी गोळा झाली. पहिली चार प्रकरणं? डावी. दोन? डावी. पहिलं प्रकरण? यावेळी दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. आम्ही बसून राहिलो. एक बकरी येऊन गेली. पाकळी पडेना.

"देव इचारात पडलाय," गुरव म्हणाला. "घाई करून चालायचं नाय."

व्याह्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "बघितलंत? 'हो' नाही, 'नाही' नाही, तिसरंच काहीतरी. यंत्राकडून हे करून घेताना आमचे जन्म गेले." त्यांच्या आवाजात मत्सर होता. पाकळ्या सुकून गेल्यावर गुरवानं त्या उचलल्या आणि व्याह्यांनी शेवटचं विचारायला लावलं, "नुसती प्रस्तावना?" त्या वेळी उजवी पाकळी अशी झटकन पडली, की देवालाही सुटल्यासारखं वाटलं असावं.

आणि वाडीनं प्रस्तावना वाचली. मन लावून वाचली. दर जत्रेला देवळापुढे वाचायची, असा पायंडाच पडला. त्यापुढचं पान मात्र उलटायचं नाही, कारण देवाचा कौल नाही. आता प्रस्तावनेत असतं काय? त्या प्राध्यापकानं त्यात टंकलेखन करणाऱ्या बाईचे आभार मानले होते, छप्पर गळत असताना हे लिहिलं असं सांगितलं होतं, आणि आजारी असूनही प्रत्येक पान ऐकून घेणाऱ्या बायकोचं ऋण मानलं होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तालुक्यात कोणी शेवटपर्यंत वाचलेला मजकूर हा एवढाच. पुढे कधीतरी पोलादपूरच्या बाजारात त्या वाडीवरची एक म्हातारी व्याह्यांना भेटली आणि तिनं त्यांचा हात धरला. "काका, त्या पुस्तकवाल्याची बायको बरी हाय का आता? गो, आमी सगळी तिचंच बोलत आसतो," असं माझ्याकडे वळून म्हणाली.

व्याह्यांनी ते पुस्तक कितीदा वाचलं होतं, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. त्यांनी एसटीडी बूथवरून मुंबईच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला, कुठूनतरी त्या पुस्तकाची नवी आवृत्ती शोधून तिची प्रस्तावना वाचून दाखवायला सांगितली. बूथमधून ते बाहेर आले तेव्हा मी दाराशीच होते. "नवीन आवृत्ती तिच्या स्मृतीला अर्पण केली आहे," ते म्हणाले. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती म्हातारी भेटली तेव्हा त्यांनी सांगितलं, "बरी आहे. हिंडते फिरते." पुराव्याशिवाय वाक्य न बोलणारा माणूस. मीही पुरावा मागितला नाही.

मे उजाडला. पुस्तकांची फिरवाफिरव सुरू झाली. व्याह्यांच्या पुस्तकांच्या कार्डांवर एकही शिक्का नव्हता. मी म्हटलं, "माझ्या नावावर चढवते सगळी. कोण विचारतंय?" त्यांनी मान हलवली. "न वाचता? मग खरंच वाचलेलं एखादं पुस्तक त्यांच्याऐवजी खाली जाईल. त्यानं काय केलंय?" मी त्यांना पुष्कळ समजावलं. शेवटी त्यांची ट्रंकभर पुस्तकं नदीच्या कप्प्यात त्यांच्या समक्ष लावली. शेवटच्या पुस्तकाचा कणा त्यांनी बोटांनी चाचपून सरळ केला.

त्या वर्षी सावित्रीच्या मनात आलं. पाणी रात्रीत चढलं आणि दोन दिवसांनी उतरलं. खाली दासगावच्या अंगाला गुरं वाहून गेल्याच्या बातम्या येत होत्या. तेव्हा पुस्तकांसाठी रडणंही बरं दिसेना. वाचनालयात गुडघाभर लाल गाळ. नदीच्या कप्प्यातून मी एकेक पुस्तक विटेसारखं उपसून काढलं, आडाच्या पाण्यात धुतलं, पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घालून माळ्यावर दोरीला टांगलं. भिजल्या मांजरांसारखी ओळीनं लोंबकळणारी ती पुस्तकं बघून माझ्या यजमानांनी विचारलं, "हे कशासाठी? वाचणार कोण?" मी म्हटलं, "वाचायचं कोणी म्हटलंय? वाळवतेय."

उन्हं पडल्यावर त्यातली चार धड उरलेली मी पिशवीत घालून पोलादपूरला नेली. व्याह्यांची नजर तोवर गेली होती. दार कुठल्या बाजूला उघडं आहे तेवढं समजायचं. त्यांनी एक पुस्तक हातात घेतलं, ते फुगून दुप्पट झालं होतं, पानांना लाटा आल्या होत्या. त्यांनी सगळ्या बाजूंनी चाचपलं आणि म्हणाले, "चला. नदीनं तरी शेवटपर्यंत वाचलं."

ताई आत निघून गेल्या. मी पुस्तक परत घेतलं, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. इंग्रजी वाचन माझं कसं, तर गाडीच्या पाट्या वाचावं तसं, एकेक शब्द मोठ्यानं आणि अर्थाशी संबंध न ठेवता. चार ओळी झाल्या की ते अर्थ सांगायचे, पाचव्या ओळीला मी परत अडायची. मध्येच पाच सहा पानं चिकटलेली असायची, तेवढी उडी मारायची. दर रविवारी मी दुपारच्या गाडीनं जायला लागले. पहिले कितीतरी रविवार ते प्रत्येक परिच्छेदानंतर विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं?" आणि मी, वाङ्मयातला ङ उच्चारणारी, म्हणायची, "छान आहे."

मग एका रविवारी तो विलायती प्राध्यापक लिहीत होता, की उत्तर बरोबर आलं म्हणजे यंत्राला समजलं असं मानायला काय हरकत आहे. मी वाचता वाचता थांबले. "छे," मी म्हटलं. "न समजता बरोबर उत्तर देणारी माणसं मी रोज काउंटरवर बघते. आमचे मामाच बघा की."

ताईंनी आतून डोकावून बघितलं. व्याह्यांनी हात चाचपत पुढे केला आणि खाटेची कड धरली. मग म्हणाले, "पण मामांना समजलेलं नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत?" आणि जुंपली. शेवटची गाडी गेली. मी पोलादपुरातच राहिले.

तो हिवाळा आम्ही भांडून काढला. शेवटचं पुस्तक राहिलं होतं, त्यातलंही शेवटचं प्रकरण. त्यात त्या लेखकानं आपल्याच म्हणण्यावर घेता येईल तो सगळ्यात जबर आक्षेप मांडला होता, अगदी माझ्यासारखाच, आणि खाली लिहिलं होतं, 'यावर माझे उत्तर असे.' त्यापुढची पानं गाळानं एकमेकांत घट्ट बसली होती, लाकडाच्या फळीसारखी. मी म्हटलं, सुरी घालते, नाहीतर वाफ देते. व्याह्यांनी पुस्तकावर तळहात ठेवला. "राहू द्या, फाटेल. काय म्हणाला असेल ते आपण काढू." मग ते लेखकाच्या बाजूनं एक उत्तर काढायचे आणि मी ते पाडायची. ते दुसरं काढायचे. शिमगा आला, कैऱ्या लागल्या, तरी आमचं ठरलं नव्हतं. एका रविवारी ते म्हणाले, त्यांना एक नवीन उत्तर सुचतंय, पण अजून कच्चं आहे, पुढच्या वेळी सांगतो. पुढच्या रविवारच्या आत ताईंचा फोन आला.

पुस्तक माझ्याकडे आहे. पानं अजून तशीच आहेत. आमची नात म्हणते, आजी, नाव सांग, मी संगणकावर शोधून दोन मिनिटांत वाचून दाखवते तो काय म्हणाला ते. शोधून काढेल ती, हुशार आहे. पण ऐकून झाल्यावर पोलादपूरची गाडी पकडून मी कोणाला 'छे' म्हणायला जाऊ? म्हणून तिला म्हटलं, राहू दे गो, एवढी काही घाई नाही.